हमीपत्र नको, भारचाचणी घ्या : विहिरींवरच्या याऱ्यांबाबत खुले पत्र

प्रति,
मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांचे माननीय जिल्हाधिकारी,
जिल्हा परिषदांचे माननीय मुख्य कार्यकारी अधिकारी,
तसेच औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे माननीय अधिकारी यांस

विषय : स्थानिक दुकानांत वेल्डिंग करून तयार होणाऱ्या याऱ्यांची दर हंगामापूर्वी भारचाचणी घेण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार.

मी मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी गेली बावीस वर्षे फॅब्रिकेशनचे दुकान चालवतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, शेडच्या कैच्या, खिडक्यांचे ग्रिल ही आमची रोजची कामे आहेत. त्यांच्याबरोबरच, विहिरीतला दगड वर काढणारी यारी हेही आमच्याच दुकानातून बाहेर पडणारे यंत्र आहे. आजवर मी नऊ याऱ्या घडवल्या आणि त्यांपैकी पहिल्या आठ एकाही मोजलेल्या वजनाने न तपासता गिऱ्हाइकाच्या ताब्यात दिल्या. हे मी आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे मी जे मागणार आहे ते केवळ इतरांकडे बोट दाखवून मागण्याचा मला अधिकार नाही.

गेल्या वैशाखात आमच्या शेजारच्या तालुक्यात एका विहिरीवर यारीचा हात बुंध्यापासून तुटला. भरलेली बकेट आणि तिच्या कडेवर एक पाय टेकवून वर येत असलेला सत्तावीस वर्षांचा मजूर दोघेही तळाशी गेले. तो जागीच गेला. खाली सुरुंगाची छिद्रे घेणाऱ्या त्याच्या जोडीदाराचे दोन्ही पाय कायमचे निकामी झाले. ती यारी 2016 साली माझ्या दुकानात तयार झाली होती.

त्या घटनेनंतर आमच्या तालुक्यात दिवाळीच्या सुमारास एक बैठक झाली आणि तीत असे ठरले की प्रत्येक यारीमालकाने 'माझे यंत्र सुस्थितीत असून होणाऱ्या अपघातास मी स्वतः जबाबदार राहीन' असे हमीपत्र मुद्रांकावर लिहून द्यावे, म्हणजे त्याला काम सुरू करता येईल. मी त्या बैठकीला हजर होतो. वेल्डिंग कोणी पाहायचे, वजन किती उचलायचे, दोर कधी बदलायचा, यांपैकी एकही प्रश्न तेथे निघाला नाही. असा निर्णय एका तालुक्यात झाला की शेजारचे तालुके त्याचा कित्ता गिरवतात आणि म्हणूनच हे पत्र मी एका कार्यालयाला न लिहिता आपणा सर्वांना आणि लोकांच्या देखत लिहीत आहे.

ज्यांनी यारी जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मराठवाड्यात वरचा मुरूम संपला की खाली काळा पाषाण लागतो. वरची माती आणि मुरूम पोकलेन काढते, परंतु त्याखाली सुरुंग लावून दगड फोडावा लागतो आणि तो डबर यारीने वर ओढावा लागतो. एक उभा खांब, त्याला चारही बाजूंनी वायर रोपचे ताण, खांबाला फिरणारा लांब हात, हाताच्या टोकाला पुली, आणि बाजूला डिझेल इंजिन, जुन्या ट्रकचा गिअरबॉक्स व दोर गुंडाळणारा ड्रम, अशी तिची रचना असते. तिचा ना कारखाना असतो, ना नकाशा. एका दुकानाने दुसऱ्याची यारी पाहून, मोंढ्यामागच्या भंगारातून आणि जालन्याहून आलेल्या लोखंडी चॅनेल-अँगलमधून ती उभी केलेली असते. होळीपासून मृगापर्यंत ती गावोगाव फिरते, दिवसाला शंभर-सव्वाशे खेपा ओढते, आणि माणसेही तिच्याच बकेटमधून खाली उतरतात व वर येतात.

अपघातानंतर तिसऱ्या दिवशी यारीमालकाने मला तुटलेला भाग पाहायला बोलावले. हाताच्या बुंध्याशी चॅनेलला, सांधा मजबूत करण्यासाठी, दोन गसेट प्लेट जोडलेल्या असतात. त्यांतल्या डाव्या प्लेटचे वेल्ड फाटले होते. मी ती प्लेट उन्हात धरून पाहिली. फाटलेल्या कडेचा साधारण दोन तृतीयांश भाग तपकिरी गंजाने काळवंडलेला होता, गंजावर ग्रीस आणि दगडाची भुकटी बसलेली होती, आणि उरलेला एक तृतीयांश भाग नव्या लोखंडासारखा चकचकीत होता. आमच्या धंद्यातल्या कोणालाही याचा अर्थ लगेच कळतो. तडा त्या दिवशी गेलेला नव्हता. तो कित्येक महिन्यांपूर्वी वेल्डच्या काठाशी सुरू झाला होता, प्रत्येक खेपेला केसभर पुढे सरकत होता, आणि शेवटच्या दिवशी राहिलेल्या तेवढ्याशा लोखंडाने जीव सोडला. त्या काठावर वेल्डने मूळ चॅनेल खाऊन बारीक खाच पडलेली होती. ते वेल्ड माझ्या हातचे होते.

बकेटही मी मोजली. मूळची 80 सेंटीमीटर व्यासाची आणि 60 सेंटीमीटर उंचीची ती बकेट, दुसऱ्या कोठल्यातरी दुकानात नेऊन, वर नऊ इंची पत्र्याचा पट्टा वेल्ड करून वाढवलेली होती. फुटलेल्या दगडाचे वजन घनमीटरला सोळाशे-सतराशे किलो धरले तरी मूळ बकेटमध्ये सुमारे पाचशे किलो माल मावत असे आणि त्या पट्ट्यामुळे प्रत्येक खेपेला जवळपास दोनशे किलो जास्त येऊ लागला होता. मालकाचा दोष सांगण्यासाठी मी हे लिहीत नाही. यारीवर 'एवढेच वजन उचलावे' असा आकडा कोठेही लिहिलेला नव्हता आणि तो मीच लिहिलेला नव्हता, कारण तो मला स्वतःलाच माहीत नव्हता.

आता माझ्या तक्रारी.

पंचनाम्यात तुटलेल्या प्लेटचा उल्लेख नाही, बकेटच्या वाढवलेल्या काठाचा नाही, आणि दोराचाही नाही. ती प्लेट कोणी ताब्यातही घेतली नाही. नोंद अकस्मात मृत्यूची झाली आणि विषय मिटला. ज्या तुकड्यात मृत्यूचे कारण स्पष्ट दिसत होते तो तुकडा मालकाने माझ्या स्वाधीन केला, कारण अन्यथा तो भंगारात गेला असता.

दुसरी तक्रार कायद्याच्या कुंपणाबद्दल आहे. कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 29 मध्ये भार उचलणारी यंत्रे, साखळ्या आणि दोर यांच्याविषयी फार नेमके लिहिले होते : ती चांगल्या बनावटीची आणि निर्दोष असावीत, सक्षम व्यक्तीने बारा महिन्यांतून किमान एकदा त्यांची कसून तपासणी करावी, सुरक्षित कार्यभार यंत्रावर ठळक लिहावा, आणि चाचणीचा प्रसंग सोडून त्याहून अधिक भार कधीही घालू नये. वाळूजच्या एखाद्या कारखान्यात साखळीने वजन उचलणारा अर्ध्या टनाचा चेनब्लॉक टांगलेला असेल तर त्याच्यावरही आकडा असतो आणि त्याचा दाखला फाइलला लावलेला असतो. बांधकाम कामगारांसाठीचा 1996 चा कायदा होता, तो दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला लागू होत असे. संसदेने 2020 मध्ये मंजूर केलेल्या आणि नोव्हेंबर 2025 पासून या दोन्ही कायद्यांची जागा घेतलेल्या व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेतही आस्थापनेसाठी दहाच कामगारांची अट आहे. विहिरीच्या टोळीत पाच ते सात माणसे असतात. म्हणजे अर्ध्या टनाच्या चेनब्लॉकला जी तपासणी लागते ती माणसे वर-खाली नेणाऱ्या यारीला लागत नाही, आणि त्याचे कारण एवढेच की खाली उतरणारी माणसे मोजायला कमी पडतात.

तिसरी तक्रार मला सर्वांत जास्त बोचते. नोव्हेंबर 2022 मध्ये शासनाने मनरेगाच्या सिंचन विहिरीचे अनुदान 4 लाख रुपयांपर्यंत वाढवले आणि गावोगाव विहिरींची कामे निघाली. या योजनेचा मूळ दंडक असा की काम शक्यतो मजुरांच्या हातांनी व्हावे आणि मजुरांचे काम हिरावणारी यंत्रे वापरू नयेत. दंडकामागचा हेतू चांगला होता. परंतु पन्नास-साठ फुटांवरून पाषाणाचा डबर पाट्यांनी वर काढता येत नाही, हे मोजमाप घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यामुळे विहिरीवर यारी उभी असते आणि कागदावर ती नसते. छायाचित्र काढताना यारीचा हात बाजूला फिरवून ठेवायला सांगितलेले मी स्वतः पाहिले आहे. जे यंत्र कागदावर नाही त्याची तपासणी कोण करणार आणि त्याच्याखाली गेलेल्या माणसाची जबाबदारी कोण घेणार? याच विहिरीत फुटणाऱ्या सुरुंगाच्या स्फोटकांना परवाना लागतो आणि त्यांचा हिशेब ठेवावा लागतो. मोंढ्यातल्या काट्यावर वैधमापनवाल्यांची मोहर लागते. मधे लोंबकळणाऱ्या माणसासाठी मात्र हमीपत्र पुरेसे मानले गेले.

मेलेल्या मजुराच्या घरी काय पोहोचले, तेही सांगतो. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यूनंतर 2 लाख रुपये मिळतात, परंतु ती योजना सातबारा असलेल्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या कुटुंबीयासाठी आहे. दुसऱ्याची विहीर खोदणाऱ्याच्या नावावर बहुधा गुंठाभरही जमीन नसते. या घरातही नव्हती.

हमीपत्र मला का मान्य नाही, याचे कारण यानंतर वेगळे सांगायला नको. मालकाने सद्भावनेने सही केली तरी त्याला गसेटमधला तडा दिसत नाही, आणि मला तरी तो कोठे दिसला होता? तो शोधण्याचा मार्ग भारचाचणी आणि बारकाईची पाहणी हाच आहे. आपल्याकडे 'चाचणी' म्हणून जे चालते तेही थांबले पाहिजे. बकेटमध्ये दगड खच्चून भरायचे, ती वर उचलायची, एकदम सोडायची आणि ब्रेक मारून झटका द्यायचा, किंवा चार पोरांना बकेटमध्ये उभे करून बघायचे, ही पद्धत मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. नुसते वजन हळू न टेकवता एकदम सोडले तरी लोखंडावर त्याच्या दुप्पट ताण येतो, आणि पडते वजन ब्रेकने अडवले तर त्याहूनही अधिक. असा झटका खाल्लेली यारी त्या क्षणी टिकली तरी आतून दुखावते आणि दोन महिन्यांनी दगा देते.

अपघातानंतर मी जी नववी यारी घडवली तिची चाचणी कशी केली, ते येथे तपशिलाने लिहितो, म्हणजे ही मागणी महागडी किंवा अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. आधी बकेटसह सर्व मिळून सुरक्षित कार्यभार 600 किलो ठरवला. बंदरांवरील आणि बांधकामावरील 20 टनांपर्यंतच्या क्रेनला कार्यभाराच्या सव्वापट वजनाने तपासतात, त्या हिशेबाने चाचणीचा भार 750 किलो आला. यारी विहिरीवर न उभारता मोकळ्या, कडक जमिनीवर उभारली. लोखंडी पाळण्यात दोनशे लिटरचे चार रिकामे ड्रम बसवले. पाळणा आणि ड्रम यांचे वजन काट्यावर 130 किलो भरले. प्रत्येक ड्रमवर 155 लिटरची खूण आधीच रंगवून ठेवली. पाळणा जमिनीपासून वीतभर उचलला, इंजिन बंद केले, दोर गुंडाळणारा ड्रम खटक्याने अडकवला आणि सर्वांना यारीच्या उंचीच्या दीडपट अंतराबाहेर उभे केले. त्यानंतर लांबून पाइपने ड्रममध्ये पाणी सोडले.

पाण्याचा फायदा असा की भार हळूहळू वाढतो, वजन अचूक कळते, भरताना कोणालाही जवळ जावे लागत नाही, आणि काही वाकताना दिसले तर तोटी बंद करता येते. दगडाने किंवा पोत्यांनी हे साधत नाही, कारण ती रचायला माणूस टांगलेल्या वजनाजवळ जातो. निम्म्या भाराला थांबलो, पाऊण भाराला थांबलो, पूर्ण 600 किलोला थांबलो, आणि प्रत्येक वेळी हाताच्या टोकाला बांधलेल्या ओळंब्याची उंची दुर्बिणीतून पट्टीवर वाचून घेतली. 750 किलोवर पंधरा मिनिटे तसेच ठेवले. पाणी सोडून दिल्यावर ओळंबा पहिल्या खुणेवर परत आला. तो परत आला नसता तर लोखंडाने कायमचा बाक घेतला असे धरून मी तो हात कापून टाकला असता. हीच कृती हात तीन दिशांना फिरवून तीनदा केली, कारण एका बाजूचे ताण चांगले असले म्हणून दुसऱ्या बाजूचे चांगले असतीलच असे नाही.

त्यानंतर वेल्डची पाहणी केली. तड्यात मुरणारे लाल रंगाचे पेनिट्रंट आणि ते उमटवून दाखवणारे पांढरे डेव्हलपर यांचे डबे शहरात मिळतात. ते नसतील तर जुनी रीत आहे : वेल्ड तारेच्या ब्रशने साफ करून रॉकेल लावावे, थोड्या वेळाने कोरड्या फडक्याने पुसावे, वरून चुन्याचा पातळ हात द्यावा आणि हातोडीने हलकेच ठोकावे. तडा असेल तर मुरलेले रॉकेल बाहेर येते आणि पांढऱ्या चुन्यावर केसासारखी काळपट रेघ उमटते. शेजारच्या तालुक्यातल्या त्या यारीवर कोणी माघात हे दहा मिनिटांचे काम केले असते तर ती रेघ उमटली असती, याची मला खात्री आहे.

माझ्या धंद्यातल्या भावांनाही या पत्रातून दोन शब्द सांगायचे आहेत. गसेट, पिन आणि हुक अडकवण्याच्या जागी ओलसर 6013 चे वेल्डिंग रॉड चालवू नका, तापवून कोरडे केलेले 7018 वापरा. ट्रकचा जुना ॲक्सल किंवा कमानपट्टा थंड असतानाच वेल्ड करू नका, कारण वेल्डच्या शेजारचे लोखंड काचेसारखे ठिसूळ होते. हुक सळई वाकवून करू नका आणि विकतच्या हुकाला वेल्ड लावू नका. दोराच्या टोकाला किमान तीन बुलडॉग क्लिप लावा आणि त्यांची खोगिरे भार घेणाऱ्या दोरावर ठेवा, तोकड्या टोकावर नव्हे. उलट्या क्लिपा मी इतक्या ठिकाणी पाहिल्या आहेत की तीच रीत आहे असे नव्या पोरांना वाटू लागले आहे.

चाचणीची मर्यादाही मी लपवत नाही. सव्वापट भार पेलला म्हणजे वर्षभराची काळजी मिटली असे होत नाही. हजारो खेपांनी लोखंड थकते, म्हणून पाहणी दर हंगामाला लागते. तसेच यारी नव्या गावात उभारली की ताण नव्या जमिनीत, नव्या दगडांना बांधले जातात, म्हणून प्रत्येक ठिकाणी काम सुरू करण्याआधी पूर्ण कार्यभार एकदा वीतभर उचलून धरला पाहिजे आणि ब्रेक तपासला पाहिजे. आणि डबराच्या चाचणीत उत्तीर्ण झालेली यारी माणसे नेण्यास योग्य ठरत नाही. माणसांच्या दोरासाठी खाणींमध्ये दहापट ताकदीचा हिशेब धरतात. त्यासाठी कठडा असलेला वेगळा पाळणा, वेगळा दोर आणि कमरेला पट्टा हवा.

काही जण म्हणतात की याऱ्यांवर सरळ बंदी घालावी. लातूरला 2016 मध्ये रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या मुलखात मी राहतो. विहीर थांबवा असे शेतकऱ्याला मी सांगू शकत नाही आणि बंदी घातली तर याऱ्या रात्री चालतील. म्हणून माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

हमीपत्राच्या आधारे काम सुरू करण्याची पद्धत जेथे जेथे सुरू झाली असेल तेथे ती मागे घ्यावी. प्रत्येक यारीची तालुक्याला नोंद करून तिला क्रमांक द्यावा आणि हातावर तसेच बकेटवर सुरक्षित कार्यभार किलोमध्ये, मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरांत रंगवणे बंधनकारक करावे. दरवर्षी होळीपूर्वी तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या आवारात दोन दिवस चाचणी ठेवावी. तेथे वेल्डिंगचे निदेशक आहेत, मोकळी जागा आहे, पाणी आहे, आणि शासकीय तंत्रनिकेतनांतून किंवा संभाजीनगर व नांदेडच्या अभियांत्रिकी संस्थांतून एक जाणकार बोलावणे कठीण नाही. संचालनालयाने त्यांच्यापैकी योग्य माणसांना सक्षम व्यक्ती म्हणून या कामापुरती मान्यता द्यावी. चाचणीचा दाखला असल्याशिवाय शासकीय अनुदानाच्या विहिरीचा पुढचा हप्ता सोडू नये, आणि त्यासाठी यारीचा वापर अंदाजपत्रकात उघडपणे दाखवण्याची मुभा द्यावी. यारीवर मृत्यू झाला तर तुटलेला भाग, दोर आणि बकेट जप्त करून त्यांची तांत्रिक तपासणी करावी. भूमिहीन विहीर-मजुरांना अपघात साहाय्य मिळेल अशी शिफारस शासनाकडे पाठवावी, आणि दहा कामगारांच्या अटीतून भार उचलणारी यंत्रे वगळावीत असेही कळवावे.

माझ्या आधीच्या आठ याऱ्यांपैकी एक मोडली, दोन भंगारात गेल्या आणि पाच अजून चालतात. त्या पाचही मालकांना मी कळवले आहे की यारी दुकानात आणावी, चाचणी आणि दुरुस्ती मी पैसे न घेता करीन. आजपर्यंत तिघे आले. त्या तीन याऱ्यांपैकी एकीच्या बुंध्याशी, डाव्याच गसेटजवळ, चुन्यावर चार बोटे लांब रेघ उमटली. उरलेले दोघे म्हणतात की त्यांनी हमीपत्र भरले आहे.

होळीला आता फार दिवस नाहीत. चारही ड्रम, पाळणा आणि पाइप मी कोणत्याही तालुक्याला विनामूल्य द्यायला तयार आहे आणि पहिल्या चाचणीला स्वतः उभा राहीन. तुटलेली गसेट प्लेट माझ्या दुकानात टेबलाच्या खणात कापडात गुंडाळून ठेवलेली आहे. आपल्यापैकी कोणी ती पाहायला आले तर दुकान सकाळी नऊपासून उघडे असते.

आपला नम्र,
मराठवाड्यातील एक फॅब्रिकेशन कारागीर